डोशीचे पथ्यपाणी

आमच्या घरी एक म्हातारी आहे. तिच्या खाण्यापिण्यावरून आमच्याकडे आजवर जेवढे वाद झाले, तेवढे माझ्या आजीच्या पथ्यावरूनही झाले नव्हते. आणि आजीला तर मधुमेह होता, शिवाय करंज्या चोरून खाण्याची सवय होती. ही म्हातारी करंज्या खात नाही. ती पेट्रोल पिते, ऑइल पिते, आणि ज्या दिवशी मनासारखे मिळत नाही त्या दिवशी पसरणीच्या घाटात, वाहतुकीच्या ऐन मध्यावर बसकण मारते.

तिचे नाव डोशी. गुजरातीत डोशी म्हणजे म्हातारी. हे नाव माझे नव्हे. ज्या पारशी गृहस्थांकडून ती माझ्याकडे आली त्यांनी ठेवलेले. एरवी ती १९५१ सालची एम. जी. टी. डी. जातीची, दोन माणसांची, उघडी स्पोर्ट्‌स गाडी आहे. इंग्लंडात ॲबिंग्डन गावी १९५३ पर्यंत या जातीच्या सुमारे तीस हजार गाड्या तयार झाल्या, त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, आणि ही एक कशी कोण जाणे मुंबईच्या बंदरात उतरून पाचगणीच्या सिल्व्हर ओकच्या झाडांखाली येऊन राहिली. लांब नाक, डौलदार मडगार्डे, पुढे पाडता येणारी काच, आणि पाठीवर दप्तरासारखी लटकवलेली पेट्रोलची चौकोनी टाकी. इंजिन अवघे १२५० सी. सी.चे. आजची एखादी लहानशी घरगुती मोटारही घाटात तिला सहज मागे टाकते. पण तसे मागे टाकणाऱ्या मोटारीतली मुले हटकून वळून पाहतात, आणि तेवढ्यावर आमची डोशी खूश असते.

पारशी गृहस्थांना सारी पाचगणी बावाजी म्हणे. त्यांचा बंगला आमच्या शाळेच्या मैदानाला लागून होता. मी त्या शाळेत विज्ञान शिकवीत असे. संध्याकाळी शाळा सुटली की बावाजी डोशीला फाटकाशी आणून उभी करीत, इंजिन चालूच ठेवीत, आणि वसतिगृहातली पोरे गुळाला मुंगळे लागावेत तशी तिला लागत. कुणी भोंगा वाजवी, कुणी मागे जाऊन नळकांड्याच्या फटफटीवर हात धरी. बावाजींना मूलबाळ नव्हते. तो अर्धा तास त्यांचा दरबार असे.

२००० सालच्या १ फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकायचे ठरले. त्या आठवड्यात बावाजी सुतकी चेहऱ्याने माझ्या घरी आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, “मास्तर, सरकारने डोशीचं टॉनिक बंद केलं!”

त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरात दाबले गेले की ते कधी कधी ठिणगीने लागलेल्या ज्योतीची वाट न पाहता आपण होऊनच भडकते, आणि इंजिनाला आतून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. यावर अमेरिकेत टॉमस मिजली या संशोधकाने १९२१ साली उपाय शोधला. शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, पेट्रोलात चिमूटभर मिसळले की ठोका बंद! शिशाचा दुसरा गुण पुढे ध्यानी आला. आमच्या डोशीसारख्या जुन्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या सीटा बिडाच्या हेडमध्येच थेट कापलेल्या असतात. तापून लाल झालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या सीटेवर मिनिटाला हजार-दीड हजार वेळा आपटतो, बिडाला क्षणभर चिकटतो, आणि सुटताना त्याचा कण उपटून नेतो. शिसे जळून जो पातळसा थर मागे राहतो, तो या दोघांच्या मध्ये गादीसारखा पडतो. शिसे काढून घ्या, गादी गेली. मग व्हॉल्व्ह हळूहळू सीटेत रुतत जातो. बावाजींना एवढे सगळे ठाऊक होते. त्यांच्याकडे गाडीची मूळ पुस्तिका होती आणि ती त्यांना त्यांच्या प्रार्थनांइतकीच पाठ होती.

दुसरी बाजू मात्र त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. मी मास्तर, सांगितल्यावाचून मला राहवेना. मिजलीलाच शिशाची बाधा होऊन १९२३ साली कामावरून विश्रांती घ्यावी लागली होती. पुढच्या वर्षी न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हेच द्रव्य बनविणारे पाच कामगार भ्रम होऊन मरण पावले. आणि क्लेअर पॅटरसन नावाच्या शास्त्रज्ञाने, ज्याने १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखविले त्याने, आपल्या मोजमापात सारखे शिसे कोठून लुडबुडते याचा छडा लावता लावता १९६५ साली जगाला सांगितले की हे शिसे निसर्गाचे नव्हे, आपण हवेत सोडलेले आहे. ते सर्वांत अधिक बाधते लहान मुलांना, त्यांच्या मेंदूला.

बावाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा निवून गेला. मग म्हणाले, “मास्तर, चाळीस वरस मी पोरांना जवळ बोलावून इंजिन चालू ठेवत होतो.”

मी त्यांची समजूत घातली. म्हटले, तुमची एक गाडी ती काय, मुंबईत लाखो गाड्या हेच करीत होत्या. ते म्हणाले, “मुंबईचं मुंबई बघेल.” दुसऱ्या दिवसापासून डोशी फाटकाशी येऊन उभी राहिली की आधी किल्ली बंद होई आणि मग पोरांना हाक मारली जाई. आता पेट्रोलात शिसे उरलेच नव्हते, तरीही! शिशाला टॉनिक म्हणालेले मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकले नाही. शिसेवाले पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तेथेही ते २०२१ साली बंद झाले. ही बातमी वाचली तेव्हा सांगायला बावाजी नव्हते.

२००४ साली त्यांची नजर अधू झाली आणि डोशी माझ्याकडे आली. अटी दोन. विकायची नाही, आणि “कचरा पाजायचा नाही”. पहिली अट पाळणे सोपे आहे. दुसरीचा अर्थ लावण्यात माझी वीस वर्षे गेली.

गाडी हाती येते न येते तोच इंग्लंडात असलेल्या माझ्या भाच्याने शिशाच्या बदली घालायच्या औषधाची बाटली धाडली. टाकी भरताना मापाने थोडे ओतायचे, एवढेच. अशी औषधे निरनिराळ्या धातूंच्या क्षारांची असतात. कुणात पोटॅशियम, कुणात मँगॅनीज, कुणात आणखी काही. तेथल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघाने ती तपासूनही घेतली होती, तेव्हा ती भोंदूगिरी नव्हे. पण दोन जातींची औषधे एकमेकांत मिसळू नयेत अशी सक्त ताकीद असते. म्हणजे एकदा एकाचे लागलो की जन्मभर त्याचेच गिऱ्हाईक. मी बाटली फडताळात ठेवून दिली. त्याच वर्षी ती दिवाळीच्या सुगंधी तेलाच्या बाटलीशेजारी उभी असलेली आमच्या हिच्या नजरेस पडली, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाऐवजी मला काय काय ऐकावे लागले ते येथे सांगत नाही.

वाईच्या मिस्त्रीला विचारले. हे मिस्त्री म्हणजे माझे गुरू. वयाने माझ्याहून लहान, हातांवर काळ्या रेघा कायमच्या कोरलेल्या, आणि इंजिनाला कान लावून रोग सांगणारे. ते म्हणाले, “सर, औषध कशाला? हेड खोलू या. आत काय हाय ते बघू, मग बोलू.” हेड खोलले. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खरोखरच रुतले होते. शिशाचा जुना थर काही काळ पुरतो, तो पुरला होता आणि संपला होता. पुण्याला हेड नेऊन कठीण पोलादाच्या नव्या सीटा बसवून आणल्या. खर्च झाला, पण शिशाचा प्रश्न जन्माचा मिटला. ती बाटली अजून फडताळात आहे. आता तिच्याशेजारी तेल ठेवीत नाहीत.

यानंतर शेजारीपाजारी, जावई, जावयाचे मित्र, सगळ्यांनी एकच सल्ला देण्यास सुरुवात केली. स्पोर्ट्‌स गाडी आहे, तिला भारीतले पेट्रोल घाला! आता तर शंभर ऑक्टेनचेही मिळते. शंभर हा आकडाच मोठा लबाड आहे. शंभर नंबरी सोने, शंभर वर्षे आयुष्य, शंभरापैकी शंभर गुण. कोणाला वाटणार नाही की यात काहीतरी अधिक आहे? पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे धीर. दाबाखाली आपण होऊन न भडकण्याचा धीर. ज्या इंजिनात मिश्रण दहा-बारा पट दाबले जाते त्याला हा धीर हवा. डोशी दाबते सव्वासात पट. तिचा जन्म झाला तेव्हा इंग्लंडात युद्धोत्तर टंचाईचे, सगळ्या कंपन्यांचे एकत्र केलेले ‘पूल’ पेट्रोल मिळे. ते सत्तर-बहात्तर ऑक्टेनचे, आणि १९५३ पर्यंत तेच होते. त्या मरतुकड्या पेट्रोलावर पळायला जिला शिकवले, तिला आपले पंपावरचे साधे म्हणजे रोजची बासुंदी आहे. त्यात पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास उंचावर. हवा मुळातच विरळ, म्हणून दाब आणखी कमी. शंभर नंबरी पेट्रोल घालून डोशी एक पाऊलही अधिक पळणार नाही. ते घ्यायचे दुसरे कारण असू शकते, त्याकडे मी येतोच.

ऑइलच्या बाबतीत मात्र मी स्वतःच चुकलो. बावाजी आयुष्यभर एकेरी तीस नंबरचे, जुन्या पद्धतीचे, साबण नसलेले ऑइल वापरीत. साबण म्हणजे खरा साबण नव्हे. इंजिनातली काजळी धुऊन तरंगत ठेवणारी द्रव्ये आधुनिक ऑइलात असतात, त्यांना मिस्त्री साबण म्हणतात. जुन्या ऑइलात ती नसत, म्हणून काजळी तळाशी, कानाकोपऱ्यांत, थरांनी बसे. मी उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात उत्तम नवे ऑइल घातले. मिस्त्रींनी ऐकले आणि कपाळाला हात लावला. “सर, पन्नास वर्साचा मळ आता सुटंल आन् ऑइलच्या भोकात जाऊन बसंल!” लगोलग सम्प उतरवला. आत जे निघाले त्याला चक्क्याची घट्टी आणि काजळाचा रंग होता. मिस्त्रींनी ते सारे खरवडून, रॉकेलने धुऊन काढले, आणि मगच नवे ऑइल भरण्याची परवानगी दिली.

कोणते नवे? साताऱ्यातल्या एका दुकानी मुलाने मला सर्वांत महाग, सर्वांत पातळ, पाण्यासारखे सिंथेटिक ऑइल काढून दाखवले. सर, याच्यावर काही नाही, म्हणाला. त्याच्यावर काही नसेल, पण डोशीच्या फटींतून ते खाली आले असते. हिच्या क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नाही. नुसती एक आट्यांची खाच आहे, ती फिरता फिरता ऑइल आत ढकलते म्हणतात. ढकलते तेवढे ढकलते, बाकीचे आमच्या अंगणात. शिवाय नव्या ऑइलांची आणखी एक मेख आहे. कॅम आणि टॅपेट जेथे एकमेकांवर घासतात तेथे त्यांना वाचवणारे जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग ऑइलात घालतात. फॉस्फरसने नव्या गाड्यांच्या धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून पातळ ऑइलांत त्याचे प्रमाण गेल्या वीस वर्षांत उतरवले गेले. नव्या इंजिनांत बहुधा रोलर असतात, त्यांचे चालते. डोशीचे टॅपेट सपाट; तिला हे जस्त हवेच. डब्यावर पाहून, दुकानदाराच्या कपाळावरच्या आठ्यांकडे दुर्लक्ष करून, मी साधे खनिज २०डब्ल्यू-५० निवडले. जाड ऑइलांना ती मर्यादा लागू नाही. मिस्त्री तर म्हणतात की ट्रॅक्टरचे १५डब्ल्यू-४० घातले तरी भागेल, त्यातही जस्त चांगले असते. आणि नडीला मी तेही घातले आहे. वेगळी जस्ताची बाटली आणून ओतण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. ऑइल बनविणाऱ्याने मापून मीठ घातलेल्या आमटीत आपण वरून मीठ टाकू नये.

इथवर सारे ठीक होते. खरा पेच पुढेच आला, आणि तो आमच्याच शेतातून आला.

टेबललँडच्या कड्यावर उभे राहून खाली पाहिले की कृष्णेचे खोरे दिसते. धोमचे पाणी, आणि त्याच्या खाली उसाची हिरवी चादर. त्या चादरीचा एक लहानसा तुकडा माझ्या थोरल्या भावाचा आहे. दादा शिकला नाही म्हणून मी शिकलो, हे आमच्या घरातले उघडे सत्य आहे. त्याचा ऊस कारखान्याला जातो. कारखान्यात साखर होते, मळी उरते, आणि मळीपासून, कधी थेट रसापासून, डिस्टिलरीत इथेनॉल होते. ते पेट्रोलात मिसळतात. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. डोशी हिंदुस्थानात आली तेव्हाही १९४८ चा पॉवर अल्कोहोल कायदा अमलात होता. २००३ साली काही राज्यांत, आपल्याही, पाच टक्के मिसळण्यास सुरुवात झाली, २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के झाले, आणि २०२५ साली वीस. आता मक्याचे इथेनॉलही भरपूर असते, पण दादाचा विश्वास आहे की पाचगणीच्या पंपावर येते ते सारे त्याच्याच शेतातले. “तुझ्या डोशीच्या टाकीत माझा ऊस आहे बरं का,” असे तो प्रत्येक भेटीत म्हणतो.

२०२४ च्या भाऊबीजेची गोष्ट. दादाची नात माझ्याबरोबर पाचगणीला यायला निघाली. आठ वर्षांची पोर, डोक्याला रुमाल बांधून राणीसारखी बसली होती. पसरणीचा घाट निम्मा चढलो आणि पेट्रोलचा वास येऊ लागला. उघड्या गाडीत वास येतो म्हणजे तो थोडाथोडका नव्हे. पुढच्या वळणावर कठड्याशी गाडी घेतली, इतक्यात इंजिन आपणच बंद पडले. पण पंपाची टकटक थांबेना. डोशीचा विजेचा पंप किल्ली फिरवली की टक टक टक करतो आणि कार्ब्युरेटर भरले की गप्प बसतो. तो गप्प बसत नाही याचा अर्थ पेट्रोल कोठेतरी वाहते आहे. किल्ली काढली, पोरीला उचलून पन्नास पावले दूर कठड्यावर नेऊन बसवले, आणि परत येऊन बॉनेट उचलले. पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणाऱ्या नळीतून पेट्रोल ठिबकत होते, आणि या गाडीत कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली एक्झॉस्टचा तापलेला मॅनिफोल्ड असतो. थेंब त्यावर पडून चरचरत उडून जात होते. माझे पाय लटपटले. मला काही झाले असते तर झाले असते. पोरीला काही झाले असते तर दादासमोर कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो?

वाईहून मिस्त्री आले. नळी त्यांनी चाकूने उभी कापली. बाहेरून धातूच्या जाळीचे वेष्टन अगदी नव्यासारखे चकचकीत, आणि आत रबर फुगून चिकट झालेले, बोटाला जिलबीच्या पाकासारखे लागणारे. इथेनॉल जुन्या रबराला असे करते. बुचाला, कॉर्कला करते, आणि कार्ब्युरेटरच्या जेटभोवती डोशीला कॉर्कचीच सीले आहेत. शिवाय ते हवेतली ओल शोषते. पाचगणीच्या पावसाळ्यात, जेव्हा कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते, तेव्हा चार महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते किती पाणी पीत असेल! पाणी पुरेसे झाले की इथेनॉल पेट्रोलाशी असलेली सोबत सोडते आणि पाण्याला घेऊन तळाशी बसते. मग पत्र्याच्या टाकीला आतून गंज.

मी संतापलो होतो. दादाकडे जाऊन मी तावातावाने बोललो की हे सक्तीचे मिश्रण बंद झाले पाहिजे, निदान निर्भेळ पेट्रोलाचा वेगळा पंप तरी हवा. अशीच मागणी करणारी एक याचिका पुढे २०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, पण ती बातमी तेव्हा व्हायची होती. दादाने माझे सगळे ऐकून घेतले. मग आत जाऊन कारखान्याच्या बिलांची पिशवी घेऊन आला. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने उसाच्या रसाचे इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते, तेव्हा कारखान्याचा पैसा कसा अडकला आणि उसाचे बिल किती महिने लांबले, ते त्याने मला एकेक कागद काढून दाखवले. त्या बिलावर पोरीची शाळेची फी होती. “तुझी नळी केवढ्याला येते?” त्याने विचारले. मी गप्प बसलो. नळी बिलाच्या मानाने काहीच नव्हती.

तरी मी इतक्यात हार जाणार नव्हतो. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलात इथेनॉल नसते असे मोटारवाल्यांत बोलले जाते, आणि ते घ्यायचे मघाशी म्हटलेले दुसरे कारण हेच. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणे माझ्या पेशाला शोभत नाही. शाळेत शिकवलेला प्रयोग मी परसात मांडला. मापाच्या नळकांड्यात २० मिलिलिटर पाणी, त्यावर १०० मिलिलिटर पेट्रोल. बूच लावून हलवायचे, बूच जपून सैल करून वाफ सोडायची, आणि ठेवून द्यायचे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, म्हणून तळाचे पाणी जेवढे वाढले तेवढे इथेनॉल. आसपास देवघरातले निरांजनही नको, हे सांगायला नकोच. पंपावरच्या साध्या पेट्रोलाने पाणी विसावरून जवळजवळ चाळिसावर गेले. दादाचा ऊस डोळ्यांनी दिसला. ज्या पेट्रोलाने पाणी जागचे हलत नाही ते निर्भेळ. पण त्यासाठी मला पुण्याकडे जावे लागणार. पाचगणी-पुणे सुमारे शंभर किलोमीटर, मध्ये खंबाटकीचा घाट. जाऊन येऊन डोशी वीस लिटर पिणार. टाकी सत्तावन्न लिटरची. म्हणजे एक तृतीयांश पथ्य आणण्यातच संपणार!

मिस्त्रींनी हिशेब ऐकला आणि म्हणाले, “नळ्या बदला की सर. उसासंगं भांडून काय हुनार?”

नळ्या बदलल्या. इथेनॉलला दाद न देणाऱ्या फ्लुओरोरबराच्या नळ्या मिळतात, त्यांवर एसएई जे-३० आर-९ असा शिक्का असतो; तो पाहूनच घ्याव्यात, नुसत्या ‘पेट्रोल पाइप’ या शब्दावर जाऊ नये. जेटची कॉर्कची सीले काढून रबरी कड्या घातल्या, पंपाचा पडदा बदलला. पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून कोरडी ठेवायची असा नेम केला. काढलेले पेट्रोल पुतण्याच्या मोटरसायकलला जाते, तिला कसलेच पथ्य नाही.

आणि मग एक गंमत झाली. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. वीस टक्के मिसळले की जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण सहा-सात टक्के पातळ पडते. उलट पाचगणीच्या उंचीवर हवा विरळ, म्हणून समुद्रकाठच्या मापाने बसवलेला कार्ब्युरेटर इथे तेवढ्याच प्रमाणात जाड मिश्रण देतो. बावाजींच्या काळी डोशी इथे काळा धूर सोडी आणि ते पेट्रोलवाल्यांना शिव्या देत. आता टेबललँडवर एक फेरी मारून मी प्लग काढून पाहिले, तर चारही प्लग भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे! उसाचे पातळ आणि पाचगणीचे जाड, दोघांनी एकमेकांना बरोबर तोलले होते. म्हणजे वीस टक्के इथेनॉल पिऊन आमची डोशी जगात कोठे बरी चालत असेल तर ती पाचगणीत.

पण घाट उतरला की हवा दाट होते आणि तोल जातो. वाईत ती अडखळू लागते, कार्ब्युरेटरात शिंकते. याला औषध बाटलीत नाही, नटात आहे. दोन्ही एस. यू. कार्ब्युरेटरच्या पोटाखाली जेटचा एकेक षट्‌कोनी नट असतो. तो खाली उतरवला की जेट खाली जाते आणि पेट्रोल अधिक येते. मिस्त्रींनी आणि मी मिळून ठरवलेले माप असे: वाईला दोन पैलू खाली, पाचगणीला दोन पैलू वर. स्पॅनर मी आता चष्म्याच्या घरात ठेवतो.

२०२५ च्या भाऊबीजेला आम्ही दोघे पुन्हा खाली गेलो, मी आणि डोशी. कारखान्याचा हंगाम तोंडावर आला होता. रस्त्याकडेला बैलगाड्या आणि तोडणीच्या टोळ्यांच्या खोपी उठू लागल्या होत्या. वाईत पंपावर थांबलो. पोराने विचारले, “काका, साधं का पॉवर?”

“साधं,” मी म्हणालो. “टाकी फुल कर.”

मग रस्त्याच्या कडेला घेऊन बॉनेट उचलले, नट दोन-दोन पैलू खाली उतरवले, आणि दादाच्या अंगणात जाऊन किल्ली बंद केली. पोर धावत येत होती. इंजिन बंद झाल्यावरच तिला जवळ येऊ दिले. दादा चकलीचा तुकडा चघळत ओट्यावरून उतरला, मागे गेला, टाकीचे झाकण उघडून त्याने नाक आत घातले आणि डोळे मिटून वास घेतला.

“येतो का रे वास, आपल्या उसाचा?”

“छे,” मी म्हणालो. “पेट्रोलचाच येतो.”

“तुला येत नसेल,” दादा म्हणाला, आणि त्याने नातीलाही वास घ्यायला बोलावले. मी तिला मागे ओढले आणि झाकण लावून टाकले.